वाकलेलं असेल ते सरळ करा

टॅक्सीत एक पाय टाकल्यावर वहिनींना शेवटची सूचना आठवली. "आणि हे बघा, पार्सलमध्ये काही तुकडे वाकलेत. गरम पाण्यात धरले की मऊ पडतात. वाकलेलं असेल ते सरळ करा." मग दुसरा पाय आत गेला, दार लागलं, टॅक्सी निघून गेली आणि सर फाटकापाशी एकटे उभे राहिले.

हेच वाक्य दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. दुसरा नवरा जिना चढेपर्यंत ते विसरला असता. पण सरांनी उभा जन्म शाळेत कवायत शिकवली होती. पोक काढून उभा राहिलेला मुलगा दिसला की सर हळूच त्याच्या मागे जायचे, दोन बोटं त्याच्या पाठीत रोवायचे, आणि मुलगा जागच्या जागी ताठ व्हायचा. निवृत्त झाल्यापासून त्या दोन बोटांना काम उरलं नव्हतं. एकदा त्यांनी बिल्डिंगच्या वॉचमनला सरळ करून पाहिलं, पण त्याने दुसऱ्या दिवसापासून सर दिसले की फाटकाच्या मागे जायला सुरुवात केली. अशा माणसाला वाकलेलं सरळ करायला सांगणं म्हणजे काय, हे वहिनींना कळायला हवं होतं. पण त्यांची गडबड होती. त्यांची बहीण न्हाणीघरात घसरून मनगट मोडून बसली होती आणि तिच्याकडे गेल्याशिवाय इलाज नव्हता.

आता हे तुकडे कसले, ते सांगायला हवं. वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं की त्या आता विणकाम करतील, झाडं लावतील, नाहीतर सरांवर ओरडतील. वहिनींनी यातलं तिसरं केलं आणि उरलेल्या वेळात छोटी माणसं रंगवायला घेतली. रेझीनची, करंगळीएवढी. रेझीन म्हणजे ओतीव प्लास्टिकच म्हणा, फक्त वहिनींच्या समोर म्हणू नका. ही माणसं अख्खी येत नाहीत. डोक्या-पायांसकट धडं एका पिशवीत, हात दुसऱ्या पिशवीत, ढाली आणि भाले तिसऱ्यात. साच्याच्या तोंडाशी उरलेले देठ कापायचे, कडेचे पापुद्रे खरवडायचे, साच्याचा तेलकटपणा धुऊन काढायचा, मग जोडायची आणि मग रंगवायची. रविवारी शहरातल्या हॉलमध्ये या माणसांचं प्रदर्शन होतं आणि वहिनी पहिल्यांदाच त्यात एक पलटण मांडणार होत्या. शुक्रवारी परत येऊन त्यांना ती रंगवायला जेमतेम वेळ मिळणार होता, तोही साफसफाई आधीच झालेली असेल तर. नाहीतर नाव मागे घ्यायचं.

"मी करतो," सर म्हणाले होते.

वहिनी लगेच हो म्हणाल्या नव्हत्या. त्याला कारण होतं. मागे एकदा सरांनी त्यांचं टेबल पुसताना एका घोड्याच्या ओल्या रंगावरून फडकं फिरवलं होतं. पांढरा घोडा त्या दिवशी फडक्याच्या रंगाचा झाला, आणि तेव्हापासून टेबलाला हात लावायचा नाही असा घरात कायदा होता. तो कायदा आज पहिल्यांदा उठला. सरांना त्याचं फार बरं वाटलं. आपल्या बायकोने आपल्यावर एक काम टाकलं, हे त्यांनी जिना चढताना स्वतःला दोनदा सांगितलं. हे काम चुकलं तर ती परत कधी काही सांगणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी सुरुवात धुण्यापासून केली. बेसिनमध्ये कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. धडं झाली, ढाली झाल्या, आणि हातांची पाळी आली तेव्हा एक हात, मूठ वळलेला, कोपरापासूनचा, फेसातून सुटला आणि जाळीच्या बाजूने गडप झाला.

सरांनी प्लंबरला फोन लावला. घाबरलेल्या माणसाने नेमकं बोलावं असं सरांचं मत होतं, म्हणून ते नेमकं बोलले.

"लगेच या. आमच्या एका माणसाचा हात बेसिनच्या पाइपात गेलाय. कोपरापासून."

प्लंबरने विचारलं, "माणूस कुठाय?"

"माणूस टेबलावर ठेवलाय."

"रक्त वगैरे?"

"छे, त्याला आधीच धुतलाय."

यानंतर प्लंबर एकटा यायला तयार नव्हता, यात त्याचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही. तो आला तेव्हा त्याच्याबरोबर वॉचमन होता, सोसायटीचे सेक्रेटरी होते, वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या आणि समोरच्या फ्लॅटमधले दाताचे डॉक्टर हातात प्रथमोपचाराची पेटी घेऊन होते. सगळ्यांनी टेबलावरचा माणूस पाहिला. मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेटी पाठीमागे लपवली.

प्लंबरने मुकाट्याने बेसिनखालचा पाइप सोडवला आणि हात काढून सरांच्या तळव्यावर ठेवला. सरांची नजर मात्र पाइपावर होती. "हा असा वाकडा का बसवलाय?" त्यांनी विचारलं.

"तो वाकडाच असतो, सर. वाकडा आहे म्हणून तर हात अडकला."

सरांना हे उत्तर पटलं नाही. पण सेक्रेटरी मध्येच बोलायला लागले म्हणून तो विषय तिथेच राहिला. सेक्रेटरी हे नियमांवर जगणारे गृहस्थ. त्यांनी कटर पाहिला, कानस पाहिली, पॉलिश पेपर पाहिला आणि घसा साफ केला.

"सर, राहत्या जागेत उत्पादन चालत नाही."

"उत्पादन कुठलं? मी धुतोय."

"म्हणजे लाँड्री. तीही चालत नाही."

"लाँड्री नाही हो. दुरुस्ती म्हणा."

"दुरुस्ती असेल तर ठोकाठोकीची वेळ ठरलेली आहे. पण तुम्ही ठोकणार आहात का?"

"नाही."

"मग ती दुरुस्ती नाही." सेक्रेटरींचा आवाज दुःखी झाला. नियमात न बसणारी गोष्ट समोर आली की त्यांना खरोखरच त्रास व्हायचा. "हे कशात बसतं ते मला कळत नाही. पाहणी करावी लागेल."

पाहणीसाठी त्यांनी तिथल्या तिथे एक उपसमिती नेमली: ते स्वतः, वरच्या काकू आणि दाताचे डॉक्टर. वॉचमनला का घेतलं नाही म्हणून तो थोडा नाराज दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपसमिती आली तेव्हा सर मोठ्याच संकटात होते. पलटण धुऊन वाळली होती, देठ कापून झाले होते, आणि आता पहिल्यांदाच ती टेबलावर एका ओळीत निजवून सरांनी नीट पाहिली होती. जोडून रंगवलेल्या पलटणीचं चित्र वहिनींच्या फोनमध्ये होतं आणि फोन वहिनींच्या पर्समध्ये. पिशव्यांवर नुसते आकडे. त्यामुळे पलटण कशी दिसायला हवी हे सरांना माहीत नव्हतं. पण पलटण कशी दिसू नये हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? भाले वाकलेले होतेच. पण माणसंही वाकलेली होती. एकजात सगळी. खांदे पडलेले, माना खाली, पाठीला बाक. झेंडा धरणाऱ्याची तर हनुवटी छातीला लागलेली, आणि त्याच्या झेंड्याच्या चिंध्या.

"पार्सलवाल्यांनी काय हाल केलेत बघा," सर कळवळून म्हणाले.

काकूंनी एक माणूस उचलून पाहिला. "अगदीच कसेतरी झालेत हो. उन्हात ठेवलं असेल पार्सल. माझी प्लास्टिकची बरणी अशीच बसली होती."

"वहिनींनी काय सांगितलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाकलेलं असेल ते सरळ करा."

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले.

सरांनी पातेल्यात पाणी तापवलं. चिमट्यात एकाला धरून आत बुडवलं, मऊ पडल्यावर बाहेर काढलं, आणि दोन बोटं त्याच्या पाठीत रोवली. माणूस सरळ झाला. मग त्याला गार पाण्याच्या वाटीत सोडलं की तो तसाच घट्ट. सरांना काय वाटलं ते मी कसं सांगू? बेकार बसलेल्या माणसाला एकदम नेमणुकीचा हुकूम हातात पडावा तसं त्यांना झालं. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. उपसमिती जरा वेळ उभी राहून पाहत होती. मग काकू म्हणाल्या, "द्या इकडे एक," आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टरांनी बाह्या सारल्या. सेक्रेटरी म्हणाले की पाहणी चालू असताना कामात भाग घेणं योग्य नाही, आणि मग म्हणाले की निदान मान तरी मी वर करतो.

ती सकाळ फार छान गेली, हे कबूल करायला हवं. चार शहाणीसुरती माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बसून करंगळीएवढ्या शिपायांच्या पाठी सरळ करत होती. सर मधूनमधून "छाती पुढे" म्हणत होते, ते शिपायांना की सेक्रेटरींना हे कळत नव्हतं. डॉक्टर तोंडात घालायचा छोटा आरसा आणून शिपायांच्या काखेतले पापुद्रे शोधत होते. काकूंनी झेंड्याचं काम घेतलं. "फाटका झेंडा चार लोकांत कसा न्यायचा?" असं म्हणून त्यांनी नखं घासायच्या कानशीने त्याच्या चिंध्या घासून काढल्या आणि झेंडा छान चौकोनी केला. एका शिपायाच्या गालावरचा व्रण सेक्रेटरींनी ओतकामातला दोष म्हणून सपाट केला. दोन शिपाई तर एकमेकांच्या खांद्यावर पडलेले, जोडूनच आलेले होते. साच्यात चिकटले असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. सरांनी बारीक करवतीने त्यांना वेगळं केलं आणि दोघांना दोन टोकांना उभं केलं. अशी सलगी रांगेत चालत नाही.

मग एक पाय कमी भरला.

एका शिपायाला डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. सरांनी पिशव्या उलट्या केल्या, टेबलाखाली पाहिलं, सेक्रेटरींना उठवून त्यांच्या खुर्चीवर पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं: हात जसा गेला तसा पायही गेला. प्लंबर दुसऱ्यांदा आला. त्याने पाइप सोडवला, एक बटण, सुपारीएवढा साबणाचा गोळा आणि वहिनींची मागच्या वर्षी हरवलेली कानातली फिरकी काढली.

"पाय नाही," तो म्हणाला.

"नीट बघ."

"सर, पाय आलाच नसेल."

"असं कसं? पाय नसलेला शिपाई कोण बनवेल?" सरांनी विचारलं, आणि उपसमितीने माना डोलावल्या. प्लंबर पाइप बसवून निघून गेला. जाताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, ते ऐकू आलं नाही हे बरंच झालं. अखेर सरांनी कापलेल्या देठांमधला एक जाडसा तुकडा कानशीने घासून त्याचा पाय केला आणि चिकटवला. काहीही चिकटवू नका, असं वहिनींनी बजावलं होतं. पण लंगड्या माणसाला तसंच उभं ठेवणं सरांना जमलं नाही. ग्लूने तो पाय शिपायाला चिकटला आणि सरांचा अंगठा तर्जनीला चिकटला. तर्जनी सुटायला दुपार झाली.

उपसमितीने निर्णय दिला की हे कशातही बसत नाही, सबब चालू द्यावं. सरांनी अख्खी पलटण काचेच्या गॅलरीत कठड्यावर ओळीने उभी केली आणि समाधानाने आडवे झाले.

उठून पाहतात तो पलटण परत वाकलेली. काहींचे खांदे पडलेले, काहींच्या माना लोंबलेल्या, आणि झेंडेवाला तर पहिल्यापेक्षा जास्त खाली पाहत होता. सर गोंधळून गेले. दार बंद होतं, घरात कोणी आलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना पुन्हा पाण्यात घालून सरळ केलं. दुसऱ्या दिवशी उन्हं गॅलरीत आली तसे ते पुन्हा वाकले. आता मात्र सरांना ते मनाला लागलं. शाळेत त्यांनी एकदा सरळ केलेला मुलगा निदान घंटा होईपर्यंत तरी टिकायचा. त्यांनी उपसमितीला बोलावलं.

"ओल धरली असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"मालच हलका असेल," काकू म्हणाल्या.

डॉक्टर मात्र विचारात पडले. "दातांचंही असंच असतं. सरळ केले तरी मूळ जागेकडे ओढ घेतात. म्हणून आम्ही तार बसवतो." असं म्हणून ते झेंडेवाल्याला घेऊन दवाखान्यात गेले. खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या पेशंटला त्यांनी थांबायला सांगितलं, झेंडेवाल्याच्या पाठीला मानेपासून खाली चर पाडला, त्यात स्टीलची तार बसवली, वर दात भरायचा मसाला भरला आणि निळा दिवा धरून तो पक्का केला. झेंडेवाला परत आला तेव्हा त्याला कोणीही वाकवू शकलं नसतं. सगळ्यांनाच अशी तार बसवावी असं सरांचं म्हणणं होतं, पण बाहेरच्या पेशंटांनी डॉक्टरांना हाका मारायला सुरुवात केली. उरलेल्यांना सरांनी एकेका फूटपट्टीला रबरबँडने बांधलं आणि फ्रीजमध्ये दुधाच्या शेजारी ठेवलं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "जमतंय का?"

"जमतंय म्हणजे काय."

"वाकलेले सरळ झाले?"

"एकूण एक," सर म्हणाले.

त्यावर वहिनी म्हणाल्या, "खरं सांगू? मला भीती होती. पण तुम्ही केलंत हो. मी उगाच काळजी करत होते." फोन ठेवल्यावर सर घरभर एक फेरी मारून आले. त्यांना इतका आनंद झाला होता की फ्रीज उघडून त्यांनी पलटणीलाही तो सांगितला.

शुक्रवारी वहिनी आल्या, चपला काढल्या, बॅग तशीच टाकून टेबलापाशी गेल्या. सरांनी पलटण मांडून ठेवली होती: एका रेषेत, समान अंतरावर, छात्या पुढे. झेंडा चौकोनी. एकेक जण पाहण्यासारखा. उपसमितीही कौतुक पाहायला येऊन दाराशी थांबली होती.

वहिनींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तुझीच पलटण."

वहिनींनी पर्समधून फोन काढला आणि चित्र सरांपुढे धरलं. चित्रात संध्याकाळचा रस्ता होता आणि त्यावरून लढाई हरलेली पलटण घरी परतत होती. खांदे पडलेले. माना खाली. एकाला पाय नव्हता आणि तो कुबडीवर चालत होता. दोघे एकमेकांना सावरत होते. पुढे फाटका झेंडा धरून एक जण, हनुवटी छातीला लागलेली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "तूच म्हणालीस, वाकलेलं असेल ते..."

"भाले हो," वहिनी म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या. "भाले म्हणत होते मी."

त्या ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत, आणि सरांना त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की निवृत्तीच्या दिवशीही तेवढं वाटलं नव्हतं. एक काम सांगितलं होतं तिने. एकच. दारातली उपसमिती जशी आली तशी मागे मागे सरकली. सेक्रेटरींनी जाताना दार इतक्या हळू ओढून घेतलं की कडी वाजलीही नाही.

"नाव मागे घेऊ का?" सरांनी विचारलं. "मी जाऊन सांगतो त्यांना. माझी चूक म्हणून सांगतो."

वहिनींनी एकाला उचललं, नखाने त्याची पाठ चाचपली आणि म्हणाल्या, "पाणी ठेवा."

पाणी तापल्यावर वहिनींनी त्याला चमच्यावर ठेवून हळूच आत सोडलं. चिमटा नाही, बोटं नाहीत, काही नाही. जरा वेळाने त्याचे खांदे आपोआप खाली आले. मग मान गेली. रेझीन ज्या आकारात ओतलेलं असतं तो आकार विसरत नाही, वहिनी म्हणाल्या, ऊब मिळाली की परत तिकडेच जातं. एकेक करून सगळे गेले. वेगळ्या केलेल्या त्या दोघांना वहिनींनी शेजारी शेजारी सोडलं, तर ते मऊ होऊन पुन्हा एकमेकांकडे कलले. नवा पाय ओढून काढला तेव्हा गुडघ्यापाशी खडबडीत राहिलं. ते राहू दे, वहिनी म्हणाल्या, खरं वाटतंय. कापलेल्या देठांच्या ढिगात एक काडी होती, ती सरांनी देठ समजून ठेवली होती. ती कुबडी निघाली.

सर गॅसपाशी उभं राहून पाहत होते. त्यांना सगळं पटलं होतं. तरीही एवढ्या मेहनतीने उभी केलेली माणसं एकामागून एक खाली मान घालताना पाहून त्यांची दोन बोटं आपोआप पुढे होत होती, आणि सर ती पुन्हा मागे घेत होते.

फक्त झेंडेवाला वाकला नाही. वहिनींनी त्याला उकळत्या पाण्यात ठेवला, उलटा ठेवला, पुन्हा ठेवला.

"त्याला तार बसवलीय," सर खालच्या आवाजात म्हणाले. "दवाखान्यात."

वहिनींनी सरांकडे पाहिलं. त्यांना हसू आलं की रडू, हे सरांना ओळखता आलं नाही. तशी ही गोष्ट त्यांना लग्न झाल्यापासून कधीच ओळखता आली नव्हती. "ठेवा बाजूला," वहिनी म्हणाल्या, आणि पलटण रंगवायला बसल्या. सर दिवा धरून शेजारी उभे राहिले. दोन दिवसांत वहिनी त्यांच्याशी एवढंच बोलल्या: दिवा डावीकडे घ्या, आणि श्वास दुसरीकडे सोडा.

रविवारी हॉलमध्ये टेबलंच टेबलं होती. त्यांवर राक्षस, सरदार, घोडे, उडणारी माणसं. वहिनींची हरलेली पलटण त्यात एका कोपऱ्यात, मातीच्या रस्त्यावर. चिखलाचे पाय, विटलेले अंगरखे. आणि सगळ्यांत पुढे तो झेंडेवाला, ताठ, मान वर, नजर समोर, हातात चौकोनी झेंडा. त्याला वगळलं तर पलटणीला तोंडच राहत नव्हतं, म्हणून घ्यावा लागला. सर मुद्दाम चार पावलं मागे, एका खांबाच्या आड उभे होते. लोक येऊन पाहत होते, झेंडेवाल्यापाशी थबकत होते आणि पुढे जात होते. कोणी थबकला की सर खांबाआड आणखी सरकायचे.

मग परीक्षक बाई आल्या. वयाने मोठ्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी वाकून पलटण पाहिली, कुबडीवाल्यापाशी थांबल्या, सावरणाऱ्या दोघांपाशी थांबल्या, आणि मग बोट पुढे केलं.

"बाकीचे हरून येतायत, हे कळलं. मग हा असा का?"

सरांनी मान खाली घातली. आता ती सांगणार: नवऱ्याने बिघडवला. सांगू दे, त्यांनी मनाशी म्हटलं, खरंच आहे ते. फक्त आपण इथे नसतो तर बरं झालं असतं.

वहिनींनी झेंडेवाल्याकडे पाहिलं. "त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलेलं नाही?"

"हरलो म्हणून. मागच्या सगळ्यांना माहीत आहे. पण तो इतका मनापासून ताठ चाललाय, की त्याला सांगायचा कोणाला धीर होत नाही."

परीक्षक बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाकल्या. "आणि त्याला कळलं तर?"

"कळू देत नाहीत ते," वहिनी म्हणाल्या. "त्याच्याकडे बघत बघतच तर ते चालतायत."

परीक्षक बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर पलटणीपुढे दुसऱ्या बक्षिसाची पाटी लागली, आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोणीतरी कॅमेरा घेऊन आलं. वहिनींनी मागे वळून खांबाआडून सरांना हाताला धरून ओढलं आणि शेजारी उभं केलं.

सर अजून त्या बोलण्यातच अडकले होते. झेंडेवाल्याला सांगत नाहीत, हे त्यांना कळलं. मागच्यांना माहीत असतं, हेही कळलं. पण वहिनींनी ते बोलताना मध्येच एकदा खांबाकडे का पाहिलं, हे काही केल्या उलगडेना.

"अगं," ते हळूच तिच्या कानाशी म्हणाले, "आपण काही हरलोय का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांची कॉलर नीट केली. "सरळ उभे राहा. फोटो काढतायत."

सर सरळच उभे होते. तरी ते आणखी थोडे सरळ झाले.